प्रसादाची गोळी

मासोळीची एक बाजू खवलून झाली होती, दुसरी राहिली होती, तेवढ्यात सुनिलची मोटारसायकल गोकुळाबाईच्या अंगणात शिरली. मी सोमवारचा बेल न्यायला तिच्याकडे गेले होते. अंगणात मासोळी असो की झिंगे वाळत असोत, बेलाची पानं मात्र ती पहाटे आंघोळ करूनच तोडते आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्यासाठी ठेवते. मासे चिरायची पावशी बाजूला सारून, राखेनं हात चोळून ती उठली. विम्याच्या या माणसाला तिनंच बोलावलं होतं.

गोकुळा नागभीडकडची. लग्न होऊन वैनगंगेच्या काठी आमच्या गावात आली, तेव्हा डोमाभाऊसारखा नदीत लाकडी डोंगा चालवणारा गावात दुसरा नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तो याच अंगणात पडला. हातपाय ताठ, तोंडाला फेस. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल घेऊन धावलं. सासूनं मार्कंड्याच्या महादेवाला नवस बोलायला लावला. गोकुळा नवस बोलली आणि त्याच आठवड्यात नवऱ्याला सरकारी दवाखान्यातही घेऊन गेली. डॉक्टरांनी गोळी दिली, रोज घ्यायची, चुकवायची नाही. डोमाभाऊ गोळीला हात लावेना. "देवाले बोललो ना? आता गोळी खाल्ली तं देवावर भरोसा नाई असं होते."

मग गोकुळाबाई ती गोळी वाटून अंगाऱ्यात मिसळू लागली. रात्री जेवण झालं की चिमटीभर त्याच्या तळहातावर ठेवायची आणि म्हणायची, "घ्या, प्रसाद." झटके थांबले. पुढच्या महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत ओल्या लुगड्यानं जाऊन तिनं नवस फेडला.

आमच्या आळीत एक रीत आहे. नवस फेडला की त्या दुखण्याचं नाव घरात पुन्हा घ्यायचं नाही. नाव घेतलं म्हणजे देवाच्या कामात खोट काढल्यासारखं होतं. मीही ही रीत पाळते. त्यामुळे डोमाभाऊच्या दुखण्याला नावच उरलं नाही. नवीन आलेल्या सुनांना तर काही ठाऊकही नव्हतं. दवाखान्यात गोकुळाबाई एकटीच जायची, गोळ्या पदरात बांधून आणायची, आणि घरात त्या प्रसाद व्हायच्या.

मागच्या पावसाळ्यात डोमाभाऊचा धाकटा भाऊ सुरेंद्र गेला. डोक्यात रक्त साकळलं होतं. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी हाताशी होतं तेवढं केलं आणि नागपूरला न्यायला सांगितलं. तिथं सरकारी कार्डावर फुकट होणार होतं, पण खाट रिकामी नव्हती. घाबरून घरच्यांनी दुसऱ्या दवाखान्यात नेलं, तिथं कार्ड चालत नव्हतं. माणूस वाचला नाही, आणि त्याच्या बायकोला डोंगा विकावा लागला. तेव्हापासून गोकुळाबाईच्या मनानं घेतलं, नवऱ्यासाठी खाजगी विमा काढायचा.

सुनिल खाटेवर बसला. डोमाभाऊ आणि देवराव ओसरीत जाळं सांधत होते. दोघं बरोबरीचे, एकाच डोंग्यातले; देवराव गावात राहायला आला तो मात्र त्या नवसानंतर.

"सरकारी कार्ड हाये ना आपल्यापाशी," डोमाभाऊ मान वर न करता म्हणाला. "मंग याले पैसे काऊन द्याचे?"

"कार्ड सुरेंद्रभाऊजीपाशी बी होतं," गोकुळाबाई म्हणाली.

सुनिलनं घसा साफ केला. "काका, विमा म्हणजे छत्री समजा."

"मंग पाणी आल्यावरच घेऊ ना."

"पाणी आल्यावर दुकान बंद रायते, काका."

देवराव हसला. "डोमा, तुले वैनगंगा बुडवू शकली नाई, हा पोरगा हप्त्यात बुडवते पाय."

सगळे हसले. सुनिलनं मोबाईल काढून एकेक विचारायला सुरुवात केली. बीपी? नाई. शुगर? नाई. दारू?

"हे लिव," देवराव म्हणाला. "मोहाची. सणावाराले."

"रोजची कोणती गोळी चालू हाये का?"

"गोळी नाई," डोमाभाऊ सरळपणे म्हणाला. "प्रसाद घेतो, मार्कंड्याचा."

"म्हणजे नाई," असं म्हणत सुनिलनं बोट टेकवलं.

"थांब," गोकुळाबाई म्हणाली. "आता नाई म्हटलं, आन् मांगून कळलं तं का होते?"

"का कळलं तं?" सुनिलनं विचारलं.

"काही सांगतलं नोतं असं."

"मंग कंपनी काहीच देत नाई, काकू. भरलेले हप्ते बी जाते. म्हणून जे हाये ते आताच सांगा."

तिनं देवरावकडे पाहिलं. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळलं आणि हातातलं बेलाचं फडकं मी घट्ट धरलं. मिरगीचा, झटके येणारा माणूस म्हटला की त्याच्याबरोबर डोंग्यात कोण बसेल? मधल्या धारेत एक पडला तर दोघंही जातात. मला वाटलं, काहीतरी निमित्त काढून ती देवरावला बाहेर पाठवेल. तिनं पाठवलं नाही.

"लिव, सुनिल. याहिले मिरगी हाये. पयल्यापासून गोळी चालू हाये. प्रसादात मीच देतो."

डोमाभाऊच्या हातातली सुई जाळ्यात तशीच राहिली.

"मले का जीभ नाई?" तो म्हणाला. "अंगारा कडू असते का? मले मालूम होतं. तू बोलली नाईस, मी बोललो नाई. बरं चालून राह्यलं होतं."

"देवरावभाऊले मालूम नोतं," ती म्हणाली.

देवरावनं जाळ्याचं आपल्याकडचं टोक हळूच खाली ठेवलं. "येतो मी, बाप्पा. ढोरं सोडाची हायेत." त्याच्याकडे ढोरं नाहीत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

सुनिलनं मोबाईल मांडीवर उलटा ठेवला. मग म्हणाला, "काकू, आता खरं सांगतो. हे लिवलं तं कंपनी कदाचित घेणारच नाई. घेतलं तरी या दुखण्याले पयले काही वर्षं पैसा भेटणार नाई. बाकीच्या बिमारीले भेटन."

"म्हणजे ज्याच्यासाठी घेऊन राह्यलो, तेच नाई?"

"तसंच समजा. मी दुसऱ्या कंपनीत विचारून पायतो. का करू?"

"राहू दे," ती म्हणाली. सुनिल चहा न घेताच गेला.

बेल घेऊन मी निघाले, तेव्हा ती फाटकापर्यंत आली. "काऊन बोललीस गं देवरावसमोर?" मी विचारलं. "नंतर सांगता आलं असतं सुनिलले."

"बाई, तो रोज त्याच डोंग्यात बसते. कंपनीले खरं सांगाचं आन् त्याले नाई?"

मी बेल सावरत घरची वाट धरली.

देवराव आता दुसऱ्याबरोबर नदीवर जातो. डोमाभाऊला कोणी टाकून बोलत नाही, पण डोंग्यातही कोणी घेत नाही. तो काठावरून फेकजाळं टाकतो आणि जे मिळेल ते आणतो. गोकुळाबाईच्या चामोर्शीच्या बाजारातल्या टोपलीत आता बारीक मासोळीच जास्त असते. रात्री तो तिच्यापुढे हात करत नाही. स्वतः उठून फळीवरची गोळी घेतो आणि तांब्यातल्या पाण्याबरोबर गिळतो. अंगाऱ्याची डबी तशीच पडून आहे. कपाळाला लावायलाही तो ती उघडत नाही. नवस फेडल्यावर नाव घेतलं, म्हणून देव रागावला असेल का, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, देव एवढ्यावरून रागावत नाही. म्हटलं खरं, पण त्या रात्री माझंही जपात मन लागलं नाही.

परवा मी पुन्हा विम्याचा विषय काढला. सुनिलनं दुसऱ्या कंपनीचं काही कळवलं का, म्हणून विचारलं.

"नको बाई," ती म्हणाली. "सरकारी दवाखान्यात मिरगी म्हटलं तं गोळी देते. या विमेवाल्याहिले मिरगी म्हटलं तं उठून जाते."

"आन् उद्या नागपूरले न्या लागलं तं?"

ती टोपलीवर ओलं फडकं टाकत राहिली.

गोळ्या संपत आल्या आहेत. डोमाभाऊ बरोबर येत नाही म्हणाला. गुरुवारी ती एकटीच चामोर्शीच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या आणायला जाणार आहे.