न जुळलेला चौकोन

छातीच्या आजारांच्या हॉस्पिटलात तिला सगळे पावलंवाली म्हणत. काम होतंच तसलं. पेशंटला कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवायचं, पावलं मोजायची, कुठे थांबला ते लिहायचं आणि कागद डॉक्टरांकडे द्यायचा. नऊ वर्षांत तिची नजर अशी तयार झाली होती की माणूस दारातून आत आला की तो किती चालेल हे ती आधीच सांगे. दम लागल्याचं कबूल करायला लाजणारी माणसं थांबून काहीतरी बघायला लागतात, हेही तिला पाठ होतं. कॉरिडॉरच्या मध्यावर हात कसे धुवावेत याचं एक जुनाट पोस्टर होतं. ते इतक्या जणांनी इतकं मन लावून वाचलं होतं की त्या हॉस्पिटलात कुणाचे हात मळके राहायचं कारण नव्हतं.

तिला मात्र हा कॉरिडॉर सोडायचा होता. हॉस्पिटलच्या मागे चारी बाजूंनी भिंत घातलेलं आवार मोडक्या खाटांनी भरून पडलं होतं. तिथे बाग करावी, धाप लागणाऱ्यांना झेपेल अशी वाट काढावी, मोजक्या पावलांवर बाक ठेवावेत, हे वेड तिच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. असल्या जागा आखायचं रीतसर शिक्षण असतं आणि त्याला लँडस्केप आर्किटेक्चर म्हणतात, हे तिला तिशी उलटल्यावर कळलं. प्रवेशासाठी वीस पानांचा पोर्टफोलिओ हवा होता, आणि वयाच्या अटीमुळे तिचं हे शेवटचंच वर्ष होतं. शाळा सुटल्यापासून तिने चित्राच्या कागदाला हात लावला नव्हता. झाड काढायला जावं तर कोबीचा गड्डा उमटे. कॉलेजच्या माहितीपत्रकात तिच्यासारख्यांसाठी एकच सल्ला होता: ओळखीची एखादी जागा निवडा, नीट बघा, मोजा आणि कागदावर उतरवा.

मोजायचं म्हटल्यावर वडील खुर्चीतून उठलेच. तीस वर्षं त्यांनी जमीनमोजणीच्या खात्यात काढली होती.

"टेप कशाला गं? माझं पाऊल अडीच फुटाचं. साहेब टेप लावून तपासायचे आणि गुमान परत जायचे."

आई गेल्यापासून त्यांना इतकं खुशीत तिने पाहिलं नव्हतं. पहिल्या रविवारी त्यांनी आवाराची समोरची बाजू मोजली. साठ पावलं, म्हणजे दीडशे फूट. तिने वहीत टिपून घेतलं. दुसरी बाजू तीन आठवड्यांनी झाली, कारण "घाई केली की मोजणी बिघडते," असं त्यांचं म्हणणं. मागची बाजू मोजताना ते तीन वेळा थांबले. एकदा भिंतीतून उगवलेलं रोपटं बघितलं, एकदा मुंग्यांची रांग, एकदा ओल कुठवर चढली आहे ते. "इथे पाणी साचतं बघ," म्हणाले. बाबा किती बारकाईने बघतात, म्हणून ती हरखून गेली आणि तिने तेही सगळं लिहून घेतलं. पोर्टफोलिओची दोन पानं त्यावर भरली. चौथी बाजू उरकायला आणखी महिना गेला.

मग ती नकाशा काढायला बसली, आणि चौकोन काही जुळेना. शेवटची रेघ पहिल्या ठिपक्यापाशी येतच नव्हती, भलतीकडेच निघून जायची. तिला वाटलं, आपला हातच अडाणी. चार वेळा खोडलं, कागदाला भोक पडलं. शेवटी घराच्या खालच्या मजल्यावरच्या नकाशेवाल्या काकांकडे गेली. त्यांचा जन्म इमारतींचे नकाशे काढण्यात गेला होता.

काकांनी वही उलटसुलट केली. "हात बरा आहे तुझा. आकडेच चुकलेत. समोरची बाजू साठ आणि मागची एक्क्याऐंशी? कुणी मोजलंय हे?"

"बाबांनी."

"मग आकडे चुकायचे नाहीत," काका म्हणाले. त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली. "टेप घेऊन जा एकदा."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने खिळा ठोकून टेप लावली. समोरची बाजू दीडशे फूट, इंचाचाही फरक नाही. मागची बाजूही दीडशे. मग उरलेल्या दोन्ही मोजल्या. ती तिथेच भिंतीला टेकून भागाकार करत बसली. पहिल्या रविवारी पाऊल अडीच फूट. मागच्या भिंतीशी एक फूट दहा इंच. चौथ्या बाजूला जेमतेम दीड फूट. असे उतरते आकडे तिने शेकडो पेशंटांच्या कागदावर लिहिले होते. रोपटं, मुंग्या, ओल. दिवसभर परक्यांचा दम मोजणारी ती, शेजारी चालणाऱ्या बापाचा दम तिला दिसला नव्हता, आणि त्यापायी तिला स्वतःचीच किळस आली.

वडिलांना तिने आपल्याच कॉरिडॉरमध्ये चालवलं. ते पोस्टरपाशी थांबले आणि वाचू लागले. तपासण्या झाल्यावर डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "फुप्फुसं घट्ट होत चाललीत. दोन-तीन महिने आधी आणायचं होतंस. तेव्हा औषधाला वाव होता."

घरी ऑक्सिजनचं यंत्र आलं. अर्ज पाठवायला तीन दिवस उरले होते. तिने टेपच्या मापांनी नकाशा नव्याने काढला आणि वडिलांच्या पलंगावर पसरला. तुमच्याच मोजणीवरून केलाय, असं बेधडक सांगून टाकलं. मोजणीत चुकलो या विचाराने त्यांनी जायला नको, एवढंच तिच्या मनात होतं.

त्यांनी चष्मा लावला. मागच्या बाजूवर बोट ठेवलं.

"दीडशे. म्हणजे साठ पावलं," ते म्हणाले. नळीतून हवा ओढली. "मला एक्क्याऐंशी लागली होती."

"बाबा, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"अगं, जन्मभर तेच केलं. कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी तिच्याकडे नवलाने बघितलं. "मला वाटलं, तुलाही कळलंय. तू दिवसभर तेच तर बघतेस. म्हटलं, पोरगी माझा मान राखतेय, तर आपण कशाला बोला."

त्यांनी बोट चारी बाजूंनी फिरवत पहिल्या ठिपक्यापाशी आणलं.

"बाकी चौकोन छान जुळलाय," ते म्हणाले, आणि चष्मा काढून तिच्या हातात दिला.