विसाव्या शतकातला सासरा

"आजी, १९०० साल कोणत्या शतकात येतं गं?" नातीनं सहज विचारलं आणि मी मनानं जळगावच्या घराच्या दाराआड जाऊन उभी राहिले.

१९५५ चा उन्हाळा होता. पिकत घातलेल्या केळ्यांचा वास घरभर कोंदला होता. चाळीसगावचे पाहुणे माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला बघायला आले होते. तिला धुळ्याला जाऊन शिक्षिका व्हायचं होतं. "पाहुण्यांनी नकार दिला तरच जा," आमच्या वडिलांनी, आबांनी तिला बजावलं होतं.

मुलाचे वडील हसत अहिराणीत म्हणाले, "मन्हा जल्म १९०० ना शे. सांग पोरी, ते कोनतं शतक?"

मला हायसं वाटलं. शंभरावं वर्ष पहिल्याच शतकातलं, तसं १९०० एकोणिसाव्यातलं, हे अक्कानंच मला शिकवलं होतं.

"विसावं," अक्का म्हणाली.

ओरडून सांगावं का? तेवढ्यात अक्कानं डोळ्यांनीच मला गप्प केलं आणि ती मुद्दाम चुकल्याचं माझ्या ध्यानात आलं.

"बरोबर!" पाहुण्यांनी मांडीवर थाप मारली. "आबा, पोर हुशार शे. आमले पसंत शे."

आबांनी गूळ मागवला. पुढे अक्का चाळीसगावला नांदायला गेली. धुळ्याला कधीच नाही.

खरं उत्तर ऐकून स्वतःला विसाव्या शतकातला समजणारा तो माणूस कदाचित दुखावला जाऊन उठून गेला असता, हे मला आता सुचतं. त्या दुपारी आम्हा दोघींना वाटत होतं, चुकलं की सुटका होते.