वधूपक्षाच्या खोलीतली नोकरी

लातूरच्या ज्या मंगल कार्यालयात आमची कंपनी चालायची, तिथं मी वधूपक्षाच्या खोलीत बसायचे. दारावर पितळी अक्षरांत तसं लिहिलेलंच होतं. आत आरशांच्या रांगेसमोर लॅपटॉप मांडून आम्ही बाया दिवसभर शेतकऱ्यांचे फोन घ्यायचो. समोरच्या वरपक्षाच्या खोलीत सॉफ्टवेअरवाली पोरं. पंगतीच्या हॉलमध्ये माल. महत्त्वाची मीटिंग असली की सगळे स्टेजवर. तिथं लाल मखमलीची दोन सिंहासनं होती. एकावर आमचे मालक बसायचे आणि दुसऱ्यावर जो कोणी त्यांच्याशी भांडत असेल तो. बहुतेक वेळा मीच.

मालकांना सगळे भाई म्हणायचे. माझ्यापेक्षा वयानं लहान, बाजारातल्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानदाराचा मुलगा. मळणी मशीनचा पट्टा तुटला, बेरिंग गेलं, की शेतकऱ्याला तालुक्याला पळावं लागतं, मजूर बसून राहतात आणि अख्खा दिवस मातीत जातो. भाईंनी काय केलं, तर मोडलेल्या वस्तूचा मोबाईलवर फोटो मागवायला सुरुवात केली. आम्ही फोटो बघून वस्तू ओळखायची, काळीपिवळी जीपमध्ये नाहीतर एसटीत टाकायची, दुपारपर्यंत गावात पोहोच. एवढीच युक्ती. पण सोयाबीनच्या सुगीत ही युक्ती अशी काही पेटली की आम्हाला जेवायला फुरसत मिळेना.

कंपनी वाढते म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं. दुकानावरच्या माळ्यावर सुरू झालेलं ऑफिस जिन्यावर उतरलं, जिन्यावरून गच्चीवर चढलं. खुर्च्या यायच्या आधी माणसं यायची, मग खुर्चीवर बसायच्या पाळ्या लागायच्या. नवीन आलेल्या मुलीला दुपारपर्यंत काम शिकवायचं, कारण संध्याकाळी तिलाच दुसरीला शिकवायचं असायचं. माझं माहेर नांदेडचं. नांदेडला गोडाऊन पाहिजे म्हणून भाईंनी मला विचारलं आणि मी आईच्या पुढच्या खोलीत बेरिंगची खोकी नेऊन ठेवली. पंधरा दिवसांत आई बिलोलीच्या जीपवाल्याला नुसत्या हॉर्नवरून ओळखायला लागली. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. त्यात कंपनी पाहावी वाढवून, हे घालायचं राहून गेलंय.

मला हे सगळं फार म्हणजे फारच आवडायचं. त्याला कारण होतं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं मी पुण्यात नोकरीला आणि आमचे मास्तर चाकूरच्या शाळेत. मास्तर म्हणजे माझा नवरा, सगळं गाव मास्तर म्हणतं म्हणून मीही माघारी तेच म्हणते. शुक्रवारी मी गाडीत बसायचे, शनिवार-रविवार संसार करायचे आणि परत बॅग उचलायचे. ती लाल बॅग दारामागच्या खुंटीला कायम भरलेली लटकायची. लातूरची नोकरी लागली आणि मी रोज संध्याकाळी सातला चाकूरला घरी पोचू लागले. नवऱ्याबरोबर मंगळवारी जेवणं ही काय चैन असते, ते ज्यांनी रोज केलंय त्यांना नाही कळायचं.

तरी ती बॅग मी रिकामी केली नव्हती. नव्याचे नऊ दिवस, ही कंपनी कधी बसेल सांगता येत नाही, असं वाटायचं. रोज सकाळी बॅगेतून ब्रश काढायचा, दात घासायचे, ब्रश परत बॅगेत. मास्तर बघायचे.

मंगल कार्यालय मिळालं ते चातुर्मासात. आषाढीपासून लग्नं बंद आणि आमची सुगी नेमकी तेव्हाच. कार्यालयाचे मालक जळकोटकडचे शेतकरी. त्यांनी बजावलं, “तुळशीचं लगीन झालं की तिथीच्या दिवशी हॉल मोकळा पायजे.”

“हाव की,” भाई म्हणाले, “तवर आमची बिल्डिंग हुईल.”

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. बिल्डिंग कुठली व्हायला! जी जागा बघावी ती पुढच्या आठवड्यात लहान पडायची. मग लगीनसराई आली, तसं तिथीच्या दिवशी आम्ही चंबूगबाळं आवरून वरच्या पाहुण्यांच्या खोल्यांत जायचो आणि आमच्या खोलीत खरीखुरी वधू नटायची. खाली बँड, वर आम्ही. फोनवरचे शेतकरी पट्ट्याचं सोडून विचारायचे, “मॅडम, कुणाचं लगीन हाय?”

अशात पुण्याचे गुंतवणूकदार आमच्यात पैसा घालायला तयार झाले. भाईंनी मला स्टेजवर बोलावलं, दुसऱ्या सिंहासनावर बसवलं आणि लाजत लाजत सांगितलं, “ताई, त्यांची एक अट हाय. कंपनी पुण्याला न्यायची. तुमाला तर पुणं पाठ हाय. तुमीच म्होरं जा, ऑफिस लावा.”

कंपनीला पैसा हवाच होता, तो मिळाला नाही तर रब्बीनंतर पगार कुठून निघणार हे मलाही दिसत होतं. पण डोळ्यांपुढं ती लाल बॅगच आली.

संध्याकाळी मास्तरांना सांगितलं. ते पेपर तपासत होते. मान वर न करता म्हणाले, “जा की. इतकी वर्षं निघाली, आणखी निघतील.” मला असा राग आला! माणसानं एकदा तरी नको जाऊ म्हणावं की नाही? मी ताट आपटूनच वाढलं.

पुण्याचे लोक बुधवारी येणार होते. मग त्यांचा निरोप आला, रविवारीच येतो. रविवारी माघातली सगळ्यात मोठी तिथ होती. भाईंना सांगितलं तर ते म्हणाले, “येऊ द्या, ताई. वर बसवू, दार लावून घेऊ.”

ते नांदेडला विमानानं उतरून गाडीनं आले, आणि रस्ता आता बरा झाल्यामुळं तासभर आधीच पोचले. मी वर फोनवर. दारात वधूचे काका-मामा ओळीनं उभे. आमच्याकडं लग्नाच्या दारात आलेल्या माणसाला तुम्ही कोण म्हणून कोणी विचारत नाही, तो अपमान होतो. मोठी गाडी, कडक इस्त्री, पुणेरी बोलणं. नवरदेव पुण्यात कामाला होता. त्याचे साहेब आले, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मी खाली आले तेव्हा साहेब गुलाबी फेटा बांधून पुढून दुसऱ्या रांगेत बसले होते. हातात नारळ, कानात अत्तराचा फाया. शेजारी त्यांच्याबरोबर आलेल्या मॅडम, कपाळभर हळदीकुंकू आणि मुठीत अक्षता. भाई मांडवाच्या खांबाला धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी.

“किती मनापासून स्वागत करता हो तुम्ही लोक,” साहेब मला म्हणाले. “वधू तुमच्याच टीममधली आहे का?”

“आज तिनं माझीच खोली घेतलीय,” मी म्हटलं. खोटं तरी काय होतं त्यात?

अक्षता पडल्या आणि त्यांना कोणी सोडेचना. पंगतीत नेऊन बसवलं. मीही मॅडमशेजारी बसले आणि म्हटलं, “घ्या ना, बुंदी घ्या थोडी.” एवढ्यात समोरचे एक धोतरवाले काका घास हातात धरून थांबले.

“बाई, जरा परत बोला बरं.”

“काय बोलू, काका?”

“अरारा! हीच ती! ‘काका, फोटो उन्हात काढा, अंधारात मला दिसत न्हाई’ म्हणून माझ्यावर वरडणारी!”

सगळी पंगत वळली. एकानं सकाळी फोन केला होता आणि दुपारी आम्ही त्याला बेरिंग पोचवलं होतं. दुसरा उठूनच उभा राहिला, “माझी चाळणी चुकीची धाडली, तिचं काय करायलेत तुमी?” मग त्यांना बाकीचे आवाजही बघायचे होते. मी वरच्या पोरींना हाक मारली. त्या जिना उतरायला लागल्या आणि खाली नुसता गोंधळ. एकेकीनं ‘नमस्कार, बोला’ म्हणायचं आणि पंगतीनं ओळखायचं. “ही सकाळची!” “ही लई हसती ती!” “हिनं माझ्या बैलाची पण चौकशी केली व्हती!” पोरी लाजून लाल. मॅडम टाळ्या वाजवत होत्या आणि साहेबांचा फेटा डोळ्यांवर आला होता. आयुष्यात इतकी मी कधी हसले नसेन. एकानं तर तिथंच मोबाईल काढून तुटलेल्या पट्ट्याचा फोटो माझ्या पत्रावळीशेजारी ठेवला.

नवरानवरी जेवायला गेले तेव्हा सिंहासनं मोकळी झाली. भाईंनी पाहुण्यांना त्यांवर बसवलं, आम्ही दोघं समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.

“हे सगळं पुण्यातूनही करता येईल,” साहेब म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. “तुम्ही याल ना?”

“नाही,” मी म्हटलं.

भाईंचा चेहरा पडला. मला तो बघवेना. पण तोंडातून गेलं ते गेलं, आणि खरं सांगायचं तर गेलं म्हणून बरंच वाटलं.

“का?” मॅडमनी विचारलं.

“मला संध्याकाळी सातला घरी जायचं असतं. चाकूरला.”

मग मॅडम भाईंकडं वळल्या, “यांच्याशिवाय चालेल का तुमचं?”

भाईंनी पायाकडं बघितलं. “चालंल,” म्हणाले. “पर त्या काकावर वरडणार कोण?”

विचार करून कळवतो, असं म्हणून ते फेट्यासकट गाडीत बसले. पुढं आठवड्यानं होकार आला. पुण्याची अट काढून टाकली होती आणि एक नवी घातली होती, ऑफिसात पुन्हा लग्न लागता कामा नये. पण त्या दिवशी हे मला कुठं ठाऊक! मी एसटीत बसले ती कंपनी बुडवून आल्यासारखी. हसू येत होतं, भीती वाटत होती, आणि अंगाला अत्तराचा वास.

घरी पोचले, दार लोटलं आणि बघते तर खुंटी रिकामी.

“अहो, बॅग कुठंय?”

“कॉटखाली,” मास्तर म्हणाले. ते वर्तमानपत्र वाचत होते, सकाळचंच.

वाकून पाहिलं. बॅग होती. तिच्या दोन्ही अंगांना कात्रीनं चौकोनी खिडक्या कापलेल्या आणि त्यांतून कांदे बाहेर डोकावत होते.

“हे काय केलंत?”

“कांद्याला वारा लागाया पायजे. नसता सडतेत.”

“कधी कापली?”

“सकाळी. तू गेल्यावर.”

म्हणजे मी नाही म्हणायच्या आधी. मी तिथंच फरशीवर बसले.

“आणि मी पुण्याला जाते म्हणून आले असते तर?”

मास्तरांनी पान उलटलं. “कांदे घेऊन गेली असतीस.”

मी हसता हसता रडले, की रडता रडता हसले, आठवत नाही. मग हातपाय धुवायला मोरीत गेले. फळीवर मास्तरांचा स्टीलचा पेला असतो, त्यात त्यांचा ब्रश. त्या पेल्यात माझाही ब्रश ठेवलेला होता.