खिट्टी

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला मीच, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. तलासरीच्या शाळेत मास्तर होतो. शाळेला कुणा परदेशी पाहुण्याने टेपरेकॉर्डर भेट दिला, तेव्हा इंग्रजी पुस्तिका वाचून तो चालवणारा मी एकटाच निघालो. दिवाळीच्या सुट्टीत हेडमास्तरांना विचारून तो एसटीने डहाणूला, आमच्या वाडीवर आणला. थोरला भाऊ नैरोबीत एका गुजराती शेठकडे नोकरीला होता. शेठकडे तसलंच यंत्र होतं. आई-बाबांचा आवाज भरून त्याला पाठवायचा, असा बेत.

यंत्र स्टिरिओ. दोन माइक, आवाजाचा जोर दाखवणारे दोन काटे, आवाज किती आत घ्यायचा ते ठरवणारी दोन बटणं. मधली खिट्टी लावली की बटणं जोडली जात. एक फिरवलं की दुसरंही तेवढंच फिरे. डावं-उजवं सारखं हवं, असं मी सगळ्यांना समजावून सांगितलं आणि खिट्टी लावली. डावा माइक बाबांपुढे, उजवा आईपुढे.

बाबांचा आवाज चिकूवरचे पोपट हाकलून कमावलेला. ते नुसतं "ऐक" म्हणाले तर काटा लाल पट्टीत गेला. मी बटण कमी केलं. आईचंही कमी झालं.

बाबा पाऊसपाणी सांगून उठले, ओट्यावर गड्यांकडे गेले. मग आई बोलली, अगदी हळू. "तुझ्या जामाच्या झाडाला यंदा खूप फळ धरलं होतं. तू गेलास त्या दिवशी मी स्टेशनवर आले नाही. आले असते तर तुला गाडीत बसू दिलं नसतं, बाळा. राग धरू नको."

मी शेजारी होतो म्हणून मला ऐकू आलं. बाबांना बोलावून टेप लावली तर बाबा खणखणीत, आणि आईच्या बाजूने नुसती खरखर.

"काय मास्तर," बाबा म्हणाले, "बी.ए.ला हेच शिकवतात का?"

खिट्टी काढायची आणि आईचं बटण वाढवायचं, एवढंच काम होतं. ते मला तेव्हाच कळलं होतं. पण मग चूक कुणाची, तेही बाबांना कळलं असतं.

"आई, तू फार हळू बोलतेस," मी म्हणालो. "यंत्राला ऐकू जात नाही."

"माझा आवाज आहेच मेला तसला. थांब, मोठ्यानं बोलते."

तिचं आधीचं पुसून त्याच टेपवर पुन्हा भरलं. आई माइकवर ओणवी झाली आणि बांधावरून हाक मारावी तशी ओरडली, "बरा आहेस ना? वेळेवर जेवतोस ना? पत्र टाकत जा." ओट्यावरचे गडी हसले. स्टेशनचं ती काहीच बोलली नाही. ते काही ओरडून सांगायचं नव्हतं.

काही वर्षांनी भाऊ रजेवर आला. वाडीत फिरताना मला म्हणाला, "आई अजून रागावलीय का रे माझ्यावर? निघालो तेव्हा स्टेशनवर आली नाही. टेपवरही ओरडलीच."

एक वाक्य पुरलं असतं. ते मला तोंडपाठ होतं.

"छे रे," मी म्हणालो. "मशीनच बिघडलेलं होतं."

"असेल," तो म्हणाला. आणि रजा संपेपर्यंत आईशी पाहुण्यासारखा जपून बोलत राहिला.