पडद्याच्या दांड्यातले कोपरे

शनिवार, दिवाळीनंतरचा दुसरा. वडसा, रेल्वे फाटकाजवळचं मैदान, दुपारची वेळ. हजर: नाटक मंडळाच्या मालकीणबाई, मुख्य भूमिकाही त्यांचीच, पडद्याचा दांडा तयार करणारे वेल्डर भाऊ, पेटी वाजवणारे मास्तर, आणि दांड्याचं ड्रॉइंग करणारी मी, सकाळच्या गाडीने चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनवरून आलेली. कामाच्या जागी पोचले की आधी कोण कोण आहे ते मी लिहून घेते. पुढे कुणी काय करायचं यावरून वाद होत नाहीत.

चंद्रपुरात माझं ड्रॉइंगचं छोटं ऑफिस आहे. राइस मिलमध्ये धान ओतायचे हॉपर, पत्र्याच्या टाक्या, शेडचे सांगाडे असली कामं येतात. नाटकाचं काम हे पहिलंच. बाईंनी अनेक वर्षं दुसऱ्यांच्या मंडळांत कामं केली आणि यंदा स्वतःचं मंडळ काढलं. त्यांना समोरचा पडदा सरळ नको होता. पडदा मिटला की त्याचं पोट प्रेक्षकांकडे यावं, म्हणजे मागे राजवाड्याच्या पायऱ्या मांडायला जागा मिळते. त्यासाठी धनुष्यासारखा वाकलेला लोखंडी दांडा हवा होता.

पहिला प्रयोग त्याच रात्री होता. नाटक ठरवणारी आजूबाजूच्या गावांतली मंडळी तो बघायला येणार होती. त्यांना पसंत पडला तर हंगामभर तारखा मिळणार होत्या. पसंत पडला नाही तर मंडळ वडशातच बसून राहणार होतं. सकाळी बाईंचा फोन आला तो एवढाच, "ताई, परदा अटकून राह्यला. तुमी या."

मैदानात शिरताच कारण दिसलं. दांडा कमानदार होता खरा, पण बारा सरळ तुकडे जोडून केलेला. प्रत्येक जोडाला कोपरा, आणि प्रत्येक कोपऱ्यावर पडद्याच्या कड्या अडत होत्या. मास्तरांनी दोरी ओढून दाखवली. पडदा दोन हात सरकला, थांबला आणि एका बाजूला लोंबला.

"पाहा," मास्तर म्हणाले, "राजा येईपर्यंत परदा उघडला तं राजाचं नशीब."

"भाऊ, हे सरळ तुकडे कशाला जोडले?" मी वेल्डर भाऊंना विचारलं.

"तुमीच तं पाठवले, ताई." त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

मोबाइलवर माझंच मॉडेल होतं. बोटाने फिरवलं की फिरत होतं, आणि त्यात कमानीचे बारा तुकडे स्वच्छ दिसत होते.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. माझ्या संगणकात ती कमान म्हणजे एक मध्यबिंदू आणि एक त्रिज्या. त्यात कोपरा नाही. पण स्क्रीनवर दाखवायची वेळ आली की प्रोग्रॅम गोलाईचे छोटे सरळ तुकडे पाडतो. तुकडे पुष्कळ असले की डोळ्यांना गोल दिसतं, कमी असले की कोपरे दिसतात. मोबाइलवर बघायची फाइल बाहेर काढताना तुकडे बारीक पाडायचे की जाड ते आपण निवडतो. बाईंच्या मुक्कामी नेट रडतखडत चालतं, म्हणून मी सगळ्यात हलकी फाइल काढली होती. अशा फाइलीत त्रिज्या जात नाही, नुसते तुकडे जातात. म्हणून सोबत कागदी ड्रॉइंगही पाठवलं होतं. त्यावर त्रिज्या लिहिलेली होती आणि 'पाइप वाकवून घेणे' असंही होतं.

ते ड्रॉइंग भाऊंपर्यंत पोचलंच नव्हतं. बाईंनी फक्त फिरणारं मॉडेल पुढे पाठवलं.

"त्या कागदात का होतं पाहाले?" बाई म्हणाल्या. "नुसत्या रेघा न् आकडे. हे तं हातात घेतल्यासारखं फिरते!"

भाऊंना शंका आली नव्हती असंही नाही. त्यांनी बाईंना फोन करून विचारलं होतं, कोपरे दिसतात, असंच करायचं का? बाईंनाही आधी ते दिसले होते आणि त्यांनी मला विचारलं होतं. मोबाइलवर तसंच दिसतं, काळजी करू नका, असं मी सांगितलं होतं. बाईंनी भाऊंना तेच सांगितलं, की ताई म्हणते, तसंच दिसते, काळजी नोको करा. मग भाऊंनी काळजी केली नाही.

"पण भाऊ, या मॉडेलमध्ये पाइपसुद्धा सहा बाजूंचा दिसतोय. तो तर तुम्ही गोल वापरला."

"सहा बाजूचा पाइप कुठी भेटते, ताई? बाजारात गोलच भेटते, म्हून ते सोडून देलं. पण लांबीत कोपरा देता येते, तं देला. मले वाटलं डिझाइन हाय."

मीही त्यांच्या जागी बहुतेक तेच केलं असतं.

पाइप वाकवायचं मशीन चंद्रपुरात आहे. नेऊन आणण्यात उद्याचा दिवस उजाडला असता. दांडा सरळ करावा तर पडदा पायऱ्यांवर अडकत होता. पायऱ्या काढाव्या तर दुसऱ्या अंकात राणी उतरणार कुठून, असं बाई म्हणाल्या, आणि ती राणी म्हणजे त्याच. भाऊंनी जोड घासून गुळगुळीत केले. मास्तरांनी खोबरेल तेल चोपडलं. पडदा पाच हात गेला आणि पुन्हा थांबला. बाई पायऱ्यांवर बसून राहिल्या.

"ठरवणारे लोक पहिला परदाच पाहातात," त्या हळूच म्हणाल्या. "परदा अटकला तं म्हणतात, मंडळ कच्चं हाय."

मी शिडीवर चढून कडीकडे नीट बघितलं. कडी पाइपाला जेमतेम बसणारी होती. सरळ भागात ती उभी राहायची, कोपऱ्यावर तिरकी होऊन चावायची. घेर मोठा असता तर तिरकी होऊनही निघाली असती. मी हे सांगेपर्यंत बाईंनी राणीच्या पोशाखातलं पितळी कडं हातातून काढलं आणि वर दिलं.

"घाला बरं हे."

भाऊंनी दांड्याच्या एका टोकाचा बोल्ट सैल केला आणि कडं ओवलं. बोटाने ढकललं तर ते पहिला कोपरा ओलांडून गेलं. दुसराही ओलांडला.

"आता एवढे कडे आणाचे कुठून?" मास्तर म्हणाले. "साऱ्या वडशाच्या बायकायचे हात रिकामे करा लागन."

तेवढ्या मापाच्या कड्या बाजारात दोरखंडवाल्याकडे मिळाल्या. बैलांच्या दाव्याला बांधायच्या, जाड लोखंडी. भाऊ आणि मी जाऊन पोतंभर घेऊन आलो. बाईंनी जुन्या कड्या उसवल्या आणि आम्ही चौघांनी बसून नव्या शिवल्या. उन्हं कलायच्या आत पडदा चढला. मास्तरांनी दोरी ओढली. पडदा एका दमात या टोकापासून त्या टोकाला गेला, पण असा खणखणाट झाला की फाटकाजवळच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

"नाटकाचं नाव बदला, बाई," मास्तर म्हणाले. "बैल सुटले."

बाई हसल्या. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

मी संध्याकाळच्या गाडीने परतले. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. घसा बसलेला, पण आवाजात उत्साह मावत नव्हता.

"ताई, एकदाबी नाई अटकला!"

"आणि आवाज?"

"खळखळला तं सारे चूप झाले. मांगचे बिडी पेणारेबी समोर येऊन बसले. तारखा भेटल्या ताई. आज कुरखेडा साइड, उद्या आरमोरीकडं. खाली दिवसच नाई."

मला बरं वाटलं. पण कोपऱ्यांवर कड्या झिजणार, पाइपही झिजणार. म्हणून त्याच आठवड्यात मी खरा दांडा वाकवून घेतला. एकसंध, गोल, कागदावर लिहिलेल्या त्रिज्येचा. भाऊ बसवायला तयार आहेत. त्यासाठी मंच उभा आणि नाटक नाही असा एक दिवस हवा. मी विचारलं की बाई तारीख देतात आणि दोन दिवसांनी ती तारीख कुठल्या तरी गावाला गेलेली असते.

माझ्या कामांच्या यादीतली बाकीची कामं मी खोडली आहेत. 'वडसा, दांडा बदलणे' एवढं राहिलं आहे. दांडा ऑफिसच्या व्हरांड्यात आडवा पडला आहे. येणारेजाणारे त्याला वळसा घालून आत येतात.