शाळेच्या भिंतीवरचा नकाशा

आमचं गाव सफाळ्याहून खाडीकडे उतरताना लागतं. पश्चिमेला खारं पाणी, मधे पानवेलींच्या वाड्या, पूर्वेला ओहोळ, आणि ओहोळापलीकडे डोंगराच्या पायथ्याशी चिंधूबाबाचा पाडा.

गावाचा इतिहास मी लिहिला. माझी शाळा सातवीपर्यंतच झाली, पण इथल्या बांधाबांधाची गोष्ट मला ठाऊक आहे, असं मी ऐटीत सांगत असे. खरं तर ती चिंधूबाबाला ठाऊक होती. सत्तरी उलटलेला हा वारली माणूस चार महिने मला घेऊन हिंडला, अनवाणी, माझ्या पुढे. खारं पाणी अडवणारा बांध त्याच्या आज्यानं टोपल्यांनी माती वाहून घातला होता. कुठल्या वळणावर माती तीनदा वाहून गेली, ते त्यानं पायानं दाखवलं. शिवेवर वाघदेवापुढे तो थांबला की मीही थांबे. दुपारी त्याची बायको नवसी नाचणीची भाकर वाढी.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या भिंतीवर मी रंगवलेला गावाचा नकाशा लोकांना दाखवला. देऊळ, तळं, वाड्या, घर न् घर. सरपंच हेमांगीताईंनी मला हार घातला.

चिंधूबाबा नातीला, प्रियंकाला घेऊन आला होता. तिनं बोटानं बांध शोधला, ओहोळ शोधला, आणि बोट तिथंच थांबलं.

"आजा, आपलं घर कुठं हाय?"

ओहोळापलीकडे मी झाडं काढली होती. हिरवी, दाट, एकाला एक लागून. काढताना हात जरासुद्धा अडखळला नव्हता.

चिंधूबाबा भिंतीजवळ सरकला. "झाडं बेस काढलीस, भाऊ. एवढी तर आमच्याकडं आता उरली पण नाय."

दोघंतिघं हसले. मला मान वर करवेना.

लोक पांगले, चिंधूबाबा आणि प्रियंका मात्र थांबले. मी हार उतरवला आणि त्या हिरव्यावर पांढरा रंग मारला. पहिलं घर चिंधूबाबाचं काढलं. त्याच्या शेजारी कोण? पुढे किती घरं? चार महिने तिथं जेवलो होतो, आणि मला आठवेना.

"किती घरं, बाबा?" मी खाली बघत विचारलं.

"ते नाय सांगणार," तो म्हणाला. "आतापावत सगळं मीच सांगितलं. उद्या ये. दारोदार जा, ज्याचं त्याला नाव विचार. मंग काढ."

पोरीसमोर मी "येतो" म्हटलं, तेही हळूच.