तुझ्याकडे आता स्टोरी आहे

ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारी बाबा वारले. ऑफिसात, मीटिंग चालू असताना.

रविवारी अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावातली मराठी माणसं घरी आली. काकू मंडळींनी डब्यांतून वरणभात आणला होता. एक काकाही आले, ज्यांना विचारल्याशिवाय इथलं एकही मराठी मूल कॉलेजचा अर्ज भरत नाही. ते माझ्या शेजारी बसले. आवाज खाली आणला.

"बेटा, कम्युनिटी कॉलेजचे ते क्लासेस फार हायलाइट करू नकोस. टॉपची कॉलेजेस सिरियसली घेत नाहीत. पण तुझ्याकडे आता स्टोरी आहे."

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. अर्जाच्या निबंधात बाबांचं जाणं लिहायचं. मग त्यांनी भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या, हातात संविधान धरलेल्या तसबिरीकडे पाहिलं. "आणि तुमचं ते बॅकग्राउंडही घाल. आवडतं इथे त्यांना."

समोर बसलेल्या आईनं मान हलवली. तिला ती मदत वाटली.

त्या क्लासेसचं सांगायला हवं. नागपूरहून आलो तेव्हा मी नववीत होते. शाळेनं मला गणिताच्या खालच्या वर्गात टाकलं. तिथून शाळेतल्या कॅल्क्युलसपर्यंत पोचताच येत नव्हतं. म्हणून ड्युअल एनरोलमेंट घेतलं: शाळेत असतानाच कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे कुणालाही प्रवेश देणाऱ्या स्वस्त सरकारी कॉलेजात जाऊन कॉलेजचं गणित शिकायचं, ते दोन्हीकडे धरतात. संध्याकाळी बाबा मला वूस्टरच्या त्या कॉलेजात सोडायचे आणि वर्ग सुटेपर्यंत गाडीत लॅपटॉप उघडून बसायचे. वर्गात माझ्या शेजारी दिवसभर छपरं घालून आलेला एक माणूस असायचा. परीक्षेला दोघंही सारखेच घाबरायचो. कॅल्क्युलसमध्ये मला ए मिळाला.

आदल्या दिवाळीला, घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या पॉटलकमध्ये याच काकांनी बाबांना सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काय हो, इथेही मागचं दार शोधलंत?"

लोक हसले. बाबाही हसले. नागपुरात इंजिनिअरिंगला असताना आरक्षणावरून त्यांनी हेच ऐकलं होतं. तेव्हाही असेच हसले असतील.

ज्या जातीवरून टोमणा मारला, तीच काका आता विकायला सांगत होते. सोबत बाबांचं मरणही.

त्यांची मुलगी माझ्याच शाळेत, माझ्याच वर्षाला होती. मी जिथे अर्ज करणार होते, त्याच नावाजलेल्या कॉलेजला तिचाही अर्ज जाणार होता. शाळेतल्या समुपदेशक बाई मला म्हणाल्या होत्या, असे क्लासेस काही कॉलेजं मानतात, काही नाही, पण लपवू नकोस. काका लपव म्हणत होते. माझी काळजी होती, की माझं कॅल्क्युलस झाकायचं होतं? मला अजून सांगता येत नाही. त्या दिवसापासून कुणी फुकट सल्ला दिला, की आधी मी त्याच्या घरात कोण शिकतंय ते बघते.

मी विचारलं, "काका, तुमची मुलगी कशावर लिहितेय?"

"ती? भरतनाट्यमवर. का गं?"

"मग मी गणितावर लिहीन."

"युवर चॉइस," म्हणाले, आणि जेवायला उठले.

मी गणितावर लिहिलं. वूस्टरचे क्लासेस सगळ्यात वर टाकले. बाबांबद्दल एक शब्द नाही. जातीबद्दल नाही.

मार्चमध्ये नकार आला. काकांच्या मुलीला प्रवेश मिळाला. क्लासेसमुळे, निबंधामुळे, की आणखी कशामुळे, ते कॉलेजं कधीच सांगत नाहीत. बंद दाराआड ठरतं आणि त्याला गुणवत्ता म्हणतात. काकांनी आईला फोन करून सांगितलं, तुमच्या मुलीनं ऐकायला हवं होतं. आईनं तो निरोप मला दिला.

मी म्हटलं, "पुन्हा असंच करीन."

आता मी राज्याच्या विद्यापीठात आहे. माझे क्लासेस त्यांनी पूर्ण धरले. मी थेट पुढच्या गणितात बसते. कुणी बॅकग्राउंड विचारलं तर जात सांगते, पूर्ण, मोठ्यानं. दया मागायला नाही. बाबांचं दुःख आई आणि मी घरी करतो. ते कुठल्याही प्रवेश समितीसमोर जाणार नाही.